नवीन फिशटँकच्या फिल्टरमध्ये काय भरायचं? रत्नागिरीच्या पाण्याचं गणित जरा वेगळं आहे

नवीन फिशटँक आणला की पहिले आठ दिवस घरात सण असतो. पाणी काचेसारखं, मासे हुंदडतायत, पोरं शाळेतून आली की दप्तर टाकून आधी टँकसमोर. मग नवव्या-दहाव्या दिवशी एक मासा वर येऊन तोंड उघडमीट करायला लागतो. दुसऱ्या दिवशी तो तरंगतो आणि चार दिवसांत निम्मे जातात. दुकानदाराला विचारलं तर तो औषधाची बाटली देतो, शेजारचे "नजर लागली" म्हणतात.

ना नजर, ना रोग. बहुतेक वेळा मासे स्वतःच्याच घाणीने मरतात. आणि ही घाण ज्याने संपवायची, तो फिल्टर चालू असतो, त्यातून पाणीही पडत असतं, फक्त त्याच्या आत अजून कुणी राहायला आलेलं नसतं.

राहायला कोण येतं, हे कळलं की फिल्टरमध्ये काय भरायचं आणि दुकानातलं काय तिथेच ठेवून यायचं, हे आपोआप सुटतं.

गाळणी नव्हे, चाळ

फिल्टर म्हटलं की आपल्याला चहाची गाळणी आठवते. कचरा अडला, पाणी स्वच्छ झालं, काम संपलं. पण माशाला मारणारी गोष्ट गाळणीत अडत नाही, कारण ती पाण्यात विरघळलेली असते. तिचं नाव अमोनिया. मासा तो मुख्यतः कल्ल्यांतून सोडतो, उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो. पाणी आरशासारखं दिसत असतानाही त्यात जीवघेणा अमोनिया असू शकतो.

तो संपवतात जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सहन करतात, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की तेही जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. कुठल्या तरी पृष्ठभागाला चिकटून, थर करून राहतात. त्यांना चिकटायला जागा हवी, समोरून सतत वाहतं पाणी हवं आणि त्या पाण्यात ऑक्सिजन हवा. फिल्टर मीडिया म्हणजे ही जागा. गिरणगावातली चाळ समजा: खोल्या लहान, माणसं भरपूर, आणि सगळ्यांची शिफ्ट चोवीस तास.

हे जिवाणू नेमके कोणते, याबद्दल बराच काळ चुकीची माहिती फिरत होती. जुन्या पुस्तकांत नायट्राइट खाणारा म्हणून 'नायट्रोबॅक्टर'चं नाव असायचं. १९९८ साली अमेरिकेत टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमध्ये तपासलं, तेव्हा हे काम 'नायट्रोस्पायरा' जातीचे जिवाणू करताना सापडले. २०१५ मध्ये तर नेदरलँड्समधल्या संशोधकांना मत्स्यपालनाच्या एका फिल्टरमध्येच असा नायट्रोस्पायरा मिळाला, जो अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटाच उरकतो.

यातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दही लावणारे जिवाणू एका रात्रीत काम फत्ते करतात. यांना कित्येक आठवडे लागतात. म्हणून नवीन टँक धोक्याचा.

जागा जास्त म्हणजे जिवाणू जास्त? नाही

आता दुकानात जाऊ. सिरॅमिक रिंगच्या डब्यावर लिहिलेलं असतं, एका लिटरमध्ये अमुक इतके शे चौरस मीटर पृष्ठभाग. शेजारच्या महागड्या डब्यावर त्याच्या दुप्पट. आपण दुप्पट पैसे देऊन येतो.

पण जिवाणूंची संख्या खोल्यांवर ठरत नाही, अन्नावर ठरते. तुमच्या टँकमध्ये आठ गप्पी असतील, तर आठ गप्पींच्या अमोनियावर जेवढे जगतील तेवढेच जिवाणू राहणार. दोन फुटी टँकमध्ये किलोभर रिंगा टाकल्या तरी तीन चतुर्थांश चाळ रिकामी. शिवाय त्या डब्यावरच्या आकड्यात अतिसूक्ष्म छिद्रांचाही पृष्ठभाग धरलेला असतो. तिथपर्यंत ताजं पाणी पोचतच नाही, आणि महिन्याभरात गाळ बसून ती बुजतात.

म्हणून पहिल्या टँकसाठी सगळ्यात चांगला मीडिया आहे साधा स्पंज. दिसायला दरिद्री, पण पाणी त्याच्या आरपार जातं, जिवाणूंना जागा मिळते, कचराही अडतो, पिळला की मोकळा होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. फक्त तो अ‍ॅक्वेरियमसाठीचा, जरा मोठ्या छिद्रांचा घ्या. गाडी धुवायचा किंवा भांड्यांचा नको. त्यातल्या काहींना बुरशी आणि जंतू मारणारं रसायन लावलेलं असतं.

दोन फुटी टँकमध्ये एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर एवढ्यावरही मासे सुखाने राहतात. हे स्वस्त आहे म्हणून दुकानदार फार जोर देऊन सांगत नाही, इतकंच.

पॉवर फिल्टर किंवा टँकच्या वर बसणारा टॉप फिल्टर असेल, तर पाणी ज्या क्रमाने जातं त्या क्रमाने भरायचं. आधी जाड स्पंज, मोठा कचरा अडवायला. मग हवा असल्यास पांढरा फिल्टर कापूस, बारीक गढूळपणा धरायला. शेवटी रिंगा किंवा लाव्हा दगड, म्हणजे त्यांच्यापर्यंत गाळ पोचत नाही. उलटं भरलं तर रिंगा दोन महिन्यांत चिखलाने लिंपल्या जातात. रिंगांऐवजी प्लास्टिकचा नवा, साबण न लावलेला भांड्यांचा चोथा कापून टाकला तरी चालतो. तारेचा मात्र चुकूनही नको.

पांढऱ्या कापसाचा खरा उपयोग आपल्याकडे जून-जुलैत कळतो. पावसाच्या पहिल्या सरींनंतर विहिरीला तांबूस पाणी येतं, तेव्हा कापूस दोन-तीन दिवसांत विटकरी होतो. तो धुवत बसू नका, फेकून नवा टाका. जिवाणू स्पंजमध्ये आहेत, कापूस गेला तर बिघडत नाही.

कार्बन आणि झिओलाईट

दुकानातल्या 'पूर्ण सेट'मध्ये काळे दाणे हमखास असतात. हा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. तो बऱ्याचदा नारळाच्या करवंटीचाच केलेला असतो. म्हणून घरच्या करवंट्या जाळून तो होईल असं समजू नका. चुलीतला कोळसा आणि हा कार्बन यांत फरक आहे. कार्बन प्रचंड तापमानाला वाफेने किंवा रसायनाने पोखरलेला असतो.

कार्बन पाण्यातला पिवळेपणा, वास आणि औषधाचा उरलेला अंश ओढून घेतो. अमोनिया मात्र ओढत नाही. म्हणजे नव्या टँकमध्ये जो खरा प्रश्न आहे, त्याला कार्बनचं उत्तर नाही. त्यातून तो काही आठवड्यांत भरतो आणि मग नुसता खडा उरतो. माझं मत विचाराल तर पहिल्या टँकला कार्बनची गरज नाही. पुडी कपाटात ठेवा. कधी औषध द्यावं लागलं तर ते देऊन झाल्यावर पाणी साफ करायला काढा. औषध चालू असताना ठेवलात तर औषधच तो खाऊन टाकेल.

झिओलाईटची गंमत वेगळी. तो अमोनिया खरोखर धरतो. सह्याद्रीच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांत झिओलाईटचे सुंदर स्फटिक सापडतात. पुणे-नाशिककडचे स्फटिक जगभरचे संग्राहक घेतात. टँकमध्ये वापरतात तो त्यांचाच एक भाऊबंद. अडचणीच्या वेळी, म्हणजे अमोनिया एकदम चढला असताना, तो उपयोगी पडतो. पण पहिल्या दिवसापासून ठेवला तर जिवाणूंच्या तोंडचा घासच जातो आणि त्यांची वाढ लांबते. शिवाय मिठाच्या पाण्यात तो धरलेला अमोनिया परत सोडतो. "मासा आजारी आहे, चिमूटभर मीठ टाक" हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो, तेव्हा मीठ टाकण्याआधी झिओलाईट बाहेर काढा.

आता मुद्द्याचं: जांभ्याचं पाणी

इथपर्यंतचं सगळं पुण्यालाही लागू आहे. यापुढचं रत्नागिरीसाठी.

आपल्या पायाखाली जांभा आहे. लाखो वर्षांच्या पावसाने दगडातले विरघळणारे क्षार धुऊन नेले आणि लोखंड, अ‍ॅल्युमिनियम मागे उरलं, तो हा तांबडा दगड. त्यात चुना जवळपास नाहीच. त्यामुळे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ आणि किंचित आम्ल असतं. साबणाला भरपूर फेस येतो, डाळ लवकर शिजते, किटलीत पांढरा थर बसत नाही. घाटावरून आलेली मंडळी या पाण्याचं कौतुक करतात ते उगीच नाही.

टँकमध्ये मात्र हेच मऊपण अडचण करतं. जिवाणू अमोनिया खाताना आम्ल तयार करतात. पाण्यात विरघळलेला चुना आणि सोडा यांसारखी द्रव्यं ते आम्ल शोषतात. याला अल्कलिनिटी म्हणतात, दुकानातल्या टेस्ट किटवर 'केएच' लिहिलेलं असतं. एक मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन संपवताना सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते.

एक ढोबळ हिशेब करू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये खडी वगैरे जाऊन साधारण ४८ लिटर पाणी मावतं. समजा तुमच्या विहिरीच्या पाण्याची अल्कलिनिटी लिटरला ४० मिलिग्रॅम आहे. म्हणजे टँकमधली एकूण पुंजी १९२० मिलिग्रॅम. दोन मध्यम गोल्डफिशना रोज अर्धा ग्रॅम खाणं घातलं, तर त्यातून अंदाजे २० मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन बाहेर पडतो. तो संपवायला रोज साधारण १४० मिलिग्रॅम खर्च. पाणी बदललंच नाही, तर दोन आठवड्यांच्या आत पुंजी संपली.

मग पीएच झपाट्याने खाली येतो. साडेसहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं, सहाच्या आसपास जवळपास थांबतं. फिल्टर फिरतोय, मीडिया महागातला आहे, आणि आत संप चालू आहे.

इथे एक चकवा आहे. आम्ल पाण्यात अमोनिया साचला तरी तो बराचसा अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते कमी विषारी असतं. म्हणून मासे जिवंत दिसतात. मग विहीर आटली म्हणून कुणी बोअरचं पाणी घालतं. जांभ्याखालच्या काळ्या दगडातून आलेलं बोअरचं पाणी बहुधा जास्त क्षारांचं आणि चढ्या पीएचचं असतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळजवळ दहा पट. संध्याकाळी ताजं पाणी घातलं आणि सकाळी सगळे मासे पालथे, या तक्रारीमागे कितीदा तरी हेच असतं. लोक मात्र बोअरला शिव्या घालतात.

तिसऱ्यांच्या शिंपल्या

यावरचा उपाय कोकणी घरात आठवड्याला एकदा तरी कचऱ्यात जातो. तिसऱ्या, मुळे, कालवं यांचं कवच म्हणजे जवळपास शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्ल व्हायला लागलं की ते हळूहळू विरघळतं आणि अल्कलिनिटी भरून काढतं. पाणी सावरलं की विरघळणं मंदावतं. आपण चमच्याने सोडा टाकत बसलो तर पीएच एकदम उडी मारतो, शिंपली तसं करत नाही.

कालवण झालं की शिंपल्या घासून मांसाचा कण न कण काढायचा. दहा-पंधरा मिनिटं उकळायच्या. मसाल्याचा आणि तेलाचा अंश जाईपर्यंत दोनदा पाणी बदलून धुवायच्या आणि चार दिवस कडक उन्हात वाळवायच्या. साबण लावायचा नाही. मग जाड तुकडे करून जाळीच्या पिशवीत भरायचे आणि फिल्टरमध्ये स्पंजच्या पुढे ठेवायचे. ५० लिटरला एक मूठ पुरे. पंधरा दिवसांनी पीएच आणि केएच पाहून कमी-जास्त करायचं.

गप्पी, मोली, गोल्डफिश असतील तर हे जरूर करा, त्यांना जरा क्षाराचं पाणीच मानवतं. निऑन टेट्रासारखे मऊ पाण्यातले मासे असतील तर मूठ नको, चार-सहा तुकडे. आणि तुमच्याकडे मुळातच बोअरचं जड पाणी असेल, किंवा खाडीकाठची मचूळ विहीर असेल, तर शिंपल्यांची गरजच नाही. आधी टेस्ट किटने पाणी बघा, मग पिशवी भरा. शहरातल्या नळाला शीळ धरणाचं पाणी येतं, तिथेही अंदाज नको, तपासणीच.

प्रवाळाचे तुकडे हेच काम करतात आणि विदेशी व्हिडिओंत ते सारखे दिसतात. पण किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका. आपल्याकडे प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. जेवणातल्या तिसऱ्या असताना त्या भानगडीत पडायचं कशाला?

झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि तिथला देवमाशाचा सांगाडा पाहून आलेली मुलं हमखास समुद्राची वाळू टँकमध्ये टाकायला मागतात. तिथले समुद्री मासे खाऱ्या पाण्यातले, त्यांचा पीएच आठच्या वर, त्यांचा हिशेबच निराळा. वाळू किंवा कुठलाही दगड टँकमध्ये टाकण्याआधी त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे आणि तो पाणी बदलणार. जांभ्याच्या खड्यावर बुडबुडे येणार नाहीत, पण म्हणून तो फिल्टरमध्ये भरू नका. छिद्रं भरपूर असली तरी तो झिजतो आणि पाणी तांबडं करतो. गंमत म्हणजे परदेशात पाणवनस्पतींचे टँक करणारे हाच जांभा विकत घेऊन खडीखाली घालतात, मुळांना लोह मिळावं म्हणून.

टीसीएल आणि नळाचं पाणी

"आमची विहीर आहे, क्लोरीनचा प्रश्नच नाही" असं गावाकडे ठामपणे सांगितलं जातं. पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतीचा माणूस सार्वजनिक विहिरीत टीसीएल पावडर टाकून जातो, हे तेव्हा लक्षात नसतं. टीसीएल म्हणजे क्लोरीनच. पिण्याच्या पाण्यातले जंतू मारायला तो टाकतात, आणि फिल्टरमधले जंतू आपले आहेत हे त्याला कळत नाही. नळाचं असो की सार्वजनिक विहिरीचं, पाणी उघड्या बादलीत दिवसभर बबल सोडून ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाका, मगच टँकमध्ये ओता.

आणि याच कारणाने स्पंज नळाखाली धुवायचा नाही. पाणी बदलताना टँकमधलंच पाणी बादलीत काढायचं, त्यात स्पंज चार वेळा पिळायचा, परत बसवायचा. तो नव्यासारखा पिवळाधमक झाला तर तुम्ही जरा जास्तच पिळलात. तपकिरी दिसला तरी चालतो. काही फिल्टरच्या खोक्यावर "दर महिन्याला कार्ट्रिज बदला" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दर महिन्याला चाळ पाडून भाडेकरूंना रस्त्यावर काढा, असा होतो. बदलायचंच झालं तर जुना आणि नवा मीडिया महिनाभर शेजारी ठेवा, मग जुना काढा.

विरजण मागून आणा

चाळ रिकामी असताना मासे सोडायचे नाहीत. फिल्टर लावा, पाणी भरा, शिंपल्यांची पिशवी ठेवा आणि मासे न सोडताच रोज चिमूटभर खाणं टाकत राहा. ते कुजेल, अमोनिया होईल, जिवाणू येतील. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं, की टँक तयार. याला तीन ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडचं पाणी बाराही महिने कोमट असल्याने थंड मुलखापेक्षा काम लवकर उरकतं.

लवकर हवं असेल तर विरजण मागा. ज्याचा टँक सहा महिने नीट चालला आहे, अशा मित्राच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा त्याच्याच टँकच्या पाण्यात भिजलेल्या अवस्थेत आणा आणि लगेच आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. वाटेत सुकू द्यायचा नाही. बाटलीबंद जिवाणूही मिळतात, पण ती बाटली उन्हातान्हातून किती प्रवास करून आली, हे आपल्याला कुठे माहीत असतं? मित्राचा स्पंज फुकट आणि खात्रीचा. फक्त त्याच्या टँकमध्ये मासे आजारी नाहीत ना, ते बघा. तयार झाल्यावरही एकदम डझनभर मासे नकोत. आधी तीन-चार, पंधरा दिवसांनी आणखी.

लाईट गेली तर

कोकणात टँक ठेवायचा म्हणजे याचा विचार आधीच करावा लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. एरवीही जूनच्या पहिल्या वाऱ्यात तारा तुटतातच.

पंप थांबला की मीडियातल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळेनासा होतो. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये काही तासांतच आतलं पाणी सडू लागतं, आणि लाईट आल्यावर ती घाण एकदम टँकमध्ये येते. म्हणून बराच वेळ लाईट गेलेली असेल तर कॅनिस्टर सुरू करण्याआधी उघडा, आतलं पाणी ओतून टाका, मीडिया टँकच्या पाण्यात विसळा. साधा स्पंज फिल्टर टँकमध्येच उघडा असतो, त्यामुळे तो बराच तग धरतो. मोठा फिल्टर घेतलात तरी कोपऱ्यात एक स्पंज फिल्टर कायम चालू ठेवा, आणि मेअखेरीस बॅटरीवर चालणारा एअर पंप व सेल आणून ठेवा. तोही नसेल तर मगाने पाणी उंचावरून टँकमध्ये सोडत राहायचं, दर तासाला पाच-दहा मिनिटं. आणि लाईट येईपर्यंत माशांना खायला घालायचं नाही. धडधाकट मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो.